कॅम्परसाठी रिकामी व्हॅन घेताय? माझे ५,०२,८७० रुपये कुठे गेले ते आधी वाचा

सरळ आकड्यानेच सुरुवात करतो. टोकन २१,००० यूपीआयने, मग ३,६४,००० आरटीजीएसने, मग ‘कॅम्पर पासिंग’चे ३५,००० परत यूपीआयने, आणि व्हॅनच्या आत मी स्वतःच्या हाताने बसवलेला माल ८२,८७०. बेरीज ५,०२,८७०. आज माझ्याकडे गाडी नाही, माल नाही आणि चौकीत विचारलं की उत्तर एकच, ‘अर्ज चौकशीवर आहे’. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, शुद्धलेखन काढत बसू नका.

प्लॅन काय होता ते थोडक्यात. कॅम्पर म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी फिरायची गाडी. त्यासाठी जुनी मालवाहू व्हॅन घ्यायची, ट्रॅव्हलर किंवा विंगरच्या साइझची, जिच्यात उभं राहता येतं अशी, आणि आत सगळं आपण करायचं. मी चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहे, वायरिंग, वेल्डिंग, पत्र्याचं काम हे रोजचंच, त्यामुळे तयार कॅम्परला पंधरा-वीस लाख घालायची गरजच नव्हती. रावेतला आमच्या पार्किंगमध्ये मास्किंग टेपने व्हॅनचं माप आखून बायकोला आणि पोरीला त्यात झोपवून बघितलं होतं. मी पाच फूट आठ इंच, आडवा बेड घेतला तर पाय दुमडून झोपावं लागतं म्हणून बेड उभाच ठेवायचा ठरलं. पुण्यातला एप्रिलचा पत्रा माहितीय ना, आत भट्टी होते, त्यामुळे उष्णता अडवायला आतून फॉइलवालं एक्सएलपीई फोम, थर्माकोल नाही, थर्माकोल गाडीच्या हादऱ्याने चुरतं आणि रात्रभर किरकिरतं. प्लायला भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा आयएस ७१० चा शिक्का बघून घेतला. वायरला तपकीर गल्ली, आणि तिथे प्रत्येक वायर सोलून, आतला रंग खरवडून बघितला, कारण वर तांबं आणि आत ॲल्युमिनियम असला माल सर्रास विकतात आणि १२ व्होल्टला करंट जास्त असतो, तापली की गाडी पेटते. बॅटरी तेवढी घ्यायची राहिली होती, १०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट म्हणजे १२८० वॉट-अवर, त्यात फ्रीज आणि फॅन किती तास चालेल ते सगळं एक्सेलमध्ये मांडलेलं. हे एवढ्यासाठी सांगतोय की ‘डोळे झाकून घेतली असेल’ असं जे सोसायटीच्या ग्रुपवर आडून आडून बोललं जातंय ना, ते बंद व्हावं.

गाडी मिळाली नगर रोडच्या बाजूच्या एका यार्डात. नाव लिहीत नाही, वकिलाने नको म्हणून सांगितलंय. एमएच-१२ पासिंग, एका कुरिअर कॉन्ट्रॅक्टरची गाडी, भाव ४,८५,०००. इंजिन ऐकलं, खालून गंज बघितला, दारांच्या खाली ओरखडून बघितलं, उत्तम गाडी. एजंट तिशीतला, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याला दादा. आरसीवर बँकेचा एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, होता. आता सेकंड हँड कमर्शियल गाडीवर एचपी असणं यात नवल काहीच नाही, निम्म्या गाड्या तशाच असतात. क्रम ठरलेला असतो, टोकन द्यायचं, मालक लोन बंद करतो, बँक एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्ज संपल्याचा आरटीओचा फॉर्म) देते, आरटीओत एचपी उतरतो, मग फॉर्म २९-३० वर सह्या करून गाडी नावावर. अख्खं पुणे असंच गाड्या घेतं. मी वेगळं काय केलं?

एजंटने एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ ‘तयारच आहे’ म्हणून माझ्या हातात दिला. आणि इथेच ती गोष्ट आहे जी मला रात्री झोपू देत नाही. त्या एनओसीवर गाडीचा नंबर बाकीच्या ओळीपेक्षा किंचित जाड होता. किंचित म्हणजे अगदी केसभर. बाकीचं लेटर फोटोकॉपीसारखं जरा फिकट, आणि तेवढे नंबरचे आकडे काळेभोर, आणि ओळीच्या पातळीपेक्षा एक बारीकशी चढण. मी ड्रॉइंगवर कुणी रिव्हिजन नंबर खाडाखोड केला तर लांबून ओळखणारा माणूस, मला ते दिसलं. मी बोटही ठेवलं त्यावर. विचारलं, हे असं का? तो हसून म्हणाला, ‘दादा, बँकेचे प्रिंटर माहितीयत ना तुम्हाला, रिबीन कुठे जाड कुठे बारीक.’ आणि मी पण हसलो. आपल्याकडे सरकारी काय बँकेचं काय, कुठला कागद सरळ छापलेला असतो सांगा. वाकडा शिक्का, पेनाने दुरुस्ती, ही तर खऱ्या कागदाची खूण वाटते माणसाला.

तरी मी लेटरहेडवरच्या नंबरला फोन लावला. लावला! पलीकडून बाईने लोन अकाउंट नंबर विचारला, थोडं थांबायला लावलं, मागे ऑफिसचा आवाज, आणि ‘येस सर, लोन क्लोज्ड आहे, एनओसी इश्यू झालीय’. त्या लेटरवरचा नंबरच या फसवणाऱ्यांचा होता. बँकेच्या कागदावर छापलेला नंबर कधीही लावू नका, आपल्या पायाने कुठल्याही ब्रँचमध्ये जा आणि काउंटरवर कागद टाका. आणि मोबाइलवर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये एचपी दिसत होता तो दिसतच होता, त्याला उत्तर होतं ‘दादा, सिस्टीमला अपडेट व्हायला वेळ लागतो’. हे उत्तर कुणीही दिलं तरी उठून चालू लागा. एचपी स्क्रीनवरून जात नाही तोवर टोकनच्या वर एक रुपया देऊ नका, हवं तर गाडी हातची जाऊ द्या. साताऱ्याची पार्टी संध्याकाळी येतेय असं मलाही सांगितलं होतं, ती पार्टी कायम साताऱ्याचीच का असते कुणास ठाऊक.

बायको तेवढी म्हणाली होती, ‘अहो, मालक कुठाय? मालकाला एकदा तरी बघू.’ मालक म्हणे गावाला, फोनवर बोलणं करून दिलं, कुणाशी करून दिलं देव जाणे. आरटीजीएस कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’च्या करंट अकाउंटला, कारण मालकाचं खातं जीएसटीच्या भानगडीत फ्रीज आहे. हे वाचताना तुम्हाला हसू येत असेल. यार्डात उभं राहून, गाडीची चावी हातात, पोरगी मागे रिकाम्या व्हॅनमध्ये उड्या मारतेय, तेव्हा नाही येत हसू. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ताबा करारनामा केला, नोटरी केली, एक लाख गाडी नावावर झाल्यावर द्यायचे ठरले, आणि मला वाटलं एक लाख अडकवून ठेवलाय म्हणजे माझी बाजू पक्की. नोटरीचा तो कागद पोलिसांनी वाचलासुद्धा नाही, फक्त ‘पझेशन तुम्हालाच दिलंय ना मग’ म्हणाले.

पासिंगचं वेगळंच. एजंट म्हणाला, ६०,००० मध्ये आरसीवर मोटर कॅरॅव्हान (कॅम्परचं कागदोपत्री नाव) करून देतो, पांढरी पाटी, आरटीओत आपली ओळख आहे, ३५,००० आधी. आता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत होतं, जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पण वाचलेला, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करता येत नाहीत. आणि कॅरॅव्हानला एआयएस १२४ नावाचं स्टँडर्ड आहे, तपासणी संस्थेकडून मंजुरी लागते, त्यातली एआरएआय इथेच आपल्या कोथरूडच्या टेकडीवर, लांब पण नाही. पण म्हणलं ‘ओळख’ म्हणजे तोच रीतसर मार्ग कुणीतरी लवकर करून देतोय. दिली पावती एका चिठोऱ्यावर. घरच्या घरी पार्किंगमध्ये बनवलेल्या एका गाडीला असा शिक्का ओळखीने मिळतो म्हणणारा कुणीही भेटला तर तो खोटं बोलतोय, एवढं पक्कं धरून चाला. ज्यांना करायचंच आहे त्यांनी बेड आणि ओटा सुटे, पट्ट्याने बांधायचे बॉक्स म्हणून करावेत, छताला भोक पाडू नये, आणि पिवळ्या पाटीच्या गाडीत मागे माणसं बसवून हायवेला जाऊ नये.

मी छताला भोक पाडलं. रूफ फॅन १४,८०० चा, जिगसॉने पत्रा कापला, कडेला प्रायमर मारला, सीलंट असा लावला की बादलीभर पाणी ओतून बघितलं, थेंब आत नाही. फोम आणि ग्लू १८,४००. प्लाय ३१,२५०. दोन स्लायडिंग खिडक्या ११,५००. वायर ६,९२०. आमच्या पार्किंगमध्ये येणारेजाणारे थांबून बघायचे.

मग एका सकाळी रिकव्हरीवाले आले, टोइंग घेऊन, चार पोरं आणि एक कागद. हप्ते थकलेले. लोन बंद झालंच नव्हतं, मूळ मालकाने गाडी यार्डाला देऊन टाकली आणि हात झटकले, आता तोही म्हणतो मला यार्डवाल्याने फसवलं. मी एनओसी दाखवली, त्या पोराने बघितली आणि म्हणाला, ‘साहेब, ही चौथी बघतोय मी अशी.’ चौथी! म्हणजे बँकेला माहितीय, रिकव्हरीवाल्याला माहितीय, फक्त जो पैसे भरतो त्यालाच कुणी सांगत नाही. आतला माल काढू द्या म्हणलं तर फोम चिकटवलेला, प्लाय रिव्हेट मारलेला, काढणार कसा. ड्रिल मशीन तेवढं हातात घेऊ दिलं.

आता चौकीची कथा. मी पोचलो तेव्हा रिकव्हरीवाल्यांचं गाडी उचलल्याचं पत्र घेऊन त्यांचा माणूस आधीच उभा होता. त्याच्या पत्रावर माझ्यासमोर धाडकन शिक्का पडला, सही झाली, पोच हातात, विषय संपला. मला? ‘हा सिव्हिल मॅटर आहे.’ मी म्हणलं बनावट एनओसी आहे, बनावट शिक्का आहे, यात सिव्हिल काय? तर म्हणे यार्ड आमच्या हद्दीत नाही, ते पुणे शहर, आपण पिंपरी-चिंचवड, तिकडे जा. तिकडे गेलो तर गाडी उचलली कुठून? रावेतहून. पैसे पाठवले कुठून? रावेतहून. मग तिकडेच द्या ना तक्रार. झिरो एफआयआर म्हणून काही असतं, नव्या कायद्यात, सीआरपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये, कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यायची, मी मोबाइलवर उघडून दाखवलं तर साहेब म्हणाले ‘तुम्ही वकील आहात का?’ १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, ते म्हणाले तुम्ही स्वतः जाऊन गाडी बघून पैसे दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. माझी बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुमचाच. संगम ब्रिजला आरटीओत खिडकीवर उत्तर मिळालं, आमच्या सिस्टीमला मालक दिसतो आणि बँक दिसते, तुम्ही कुठेच दिसत नाही. आणि लोनवाली बँक म्हणते आमचा तुमच्याशी काही व्यवहारच नाही. अरे पण तुमच्या नावाचे खोटे शिक्के मारून लोक गाड्या विकतायत, तुमची पण फसवणूक आहे ना ती, तुम्ही तरी एफआयआर करा! तर ‘लीगलला मेल करा’. लीगलचा मेल आयडी द्यायला ब्रँच मॅनेजरने मला बाहेरच्या खुर्चीवर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसवून ठेवलं.

मेव्हणा म्हणतो, ‘दाजी, हॉटेलं काय बंद पडलीत का?’ त्याला काही सांगायच्या भानगडीत मी पडत नाही.

वकिलाने आता रस्ता सांगितलाय तो असा की आधी पोलिस आयुक्तालयात लेखी, स्पीड पोस्टाने, पोच मागवून, आणि तरीही गुन्हा दाखल नाही झाला तर कोर्टात बीएनएसएसच्या १७५(३) खाली अर्ज, फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसचं ३१८(४), शिवाय बनावट कागदाची वेगळी. चौकीत तोंडी बोलून वेळ घालवू नका, पहिल्याच दिवशी दोन प्रती न्या आणि पोच घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका. यूपीआयचे स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, यार्डाच्या बोर्डाचा फोटो, सगळं लगेच काढून ठेवा, कारण तो बोर्ड आता बदललाय, नवीन नाव, तोच पत्रा, तीच गेटवरची कुत्री. त्या ‘एंटरप्रायझेस’चं खातं गोठवायचा अर्ज मी उशिरा दिला कारण मला तसं कुणी सांगितलंच नाही, तुम्ही त्याच दिवशी द्या.

वकिलाचं म्हणणं आहे की एकट्याच्या तक्रारीला कुणी विचारत नाही, चार-पाच जण एकत्र आले तर आर्थिक गुन्हे शाखा तरी दार उघडेल. त्या रिकव्हरीवाल्याच्या हिशोबाने माझ्यासारखे अजून तिघं आहेतच. नगर रोडकडच्या यार्डातून कुणी मालवाहू व्हॅन घेतली असेल, एनओसी ‘तयारच’ हातात मिळाली असेल आणि त्यावरचा गाडीचा नंबर बाकीच्यापेक्षा जाड वाटत असेल, तर छताला हात लावायच्या आधी ती घेऊन ब्रँचला जा. आजच जा, उद्या दुसरा शनिवार आहे, बँक बंद.