‘द रूम’ संगणकावर: काही महिने खेळल्यानंतर

मोबाइलवरून संगणकावर आलेल्या गेमबद्दल माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नुसता ताणून मोठा केलाय, की पुन्हा बांधलाय? बहुतेकदा ताणलेलाच निघतो. बोटाच्या मापाची ढब्बू बटणं, धुरकट चित्रं, आणि एखाद्या कोपऱ्यात विसरून राहिलेली ‘टॅप करा’ ही सूचना. ‘द रूम’ हा कोड्यांचा गेम सेलमध्ये घेतला तेव्हा हीच धास्ती होती. आता त्याचे पहिले तीन भाग खेळून झालेत, पहिला तर मध्ये बराच काळ जाऊ देऊन पुन्हा खेळलो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या ‘फायरप्रूफ गेम्स’ या छोट्या कंपनीचा हा गेम 2012 मध्ये आधी आयपॅडवर आला. 2013 मध्ये त्याला सर्वोत्तम ब्रिटिश गेमचा ‘बाफ्टा’ हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. संगणकावर तो 2014 च्या जुलैत आला, आणि मधला वेळ कुठे गेला ते पडद्यावर दिसतं. लाकडाच्या रेषा, पितळेवरचे ओरखडे, कुलपावर पडणारा उजेड, सगळं नव्याने केलंय. कंपनी काढणारे लोक मूळचे चित्रकार, आधी ‘बर्नआउट’ या गाड्यांच्या गेमवर काम केलेले. वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसला पाहिजे याबद्दलचा त्यांचा हट्ट मोठ्या मॉनिटरवर जास्त जाणवतो. फोनवर यातलं निम्मं माझ्याच अंगठ्याखाली झाकलं जायचं.

खेळ असा: अंधाऱ्या खोलीत एक अवजड तिजोरी. तिला किल्ल्या, खटके, चोरकप्पे. एक उघडलं की आत दुसरं. कुणी अंगावर येत नाही, घड्याळ लावलेलं नाही, मरायची सोय नाही. शिवाय एक भिंग मिळतं. ते डोळ्याला लावलं की लाकडावर अदृश्य खुणा उमटतात. काही खुणा तुकड्यातुकड्यांत असतात, आपण योग्य कोनात आलो की जुळून आकृती होते. ही कोडी संगणकावर सरळसरळ जास्त चांगली वाटतात.

पण बोटाचं काय? मूळ गेमची सगळी जादू स्पर्शात होती. किल्ली भोकात घालून बोटाने गोल फिरवायची, कडी ओढायची, झाकण सरकवायचं. माऊसने हेच करता येतं: डबल क्लिक करून जवळ जा, उजवं क्लिक करून मागे या, बटण दाबून धरून फिरवा. दहा मिनिटांत हात बसतो. तरी किल्ली ‘फिरवली’ असं वाटत नाही, ‘फिरवायला सांगितली’ असं वाटतं. ही उणीव शेवटपर्यंत राहते, आणि ती भरून काढायचं बरंचसं काम आवाज करतो. खटका बसल्याचा, दातेरी चाकं सरकल्याचा, लाकूड करकरल्याचा आवाज इतका नेमका आहे की हेडफोनशिवाय खेळूच नका. लॅपटॉपच्या टचपॅडवर मात्र गोल फिरवायच्या गोष्टी वैताग देतात. स्वस्तातला का होईना, माऊस लावा.

माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी पहिला भाग विनातक्रार चालला. इशारे टप्प्याटप्प्याने येतात आणि नको असतील तर बंद करता येतात. मी ते चालूच ठेवले. अडून बसण्यात मला काही शौर्य वाटत नाही. गोष्ट ‘ए. एस.’ नावाच्या कुणाच्या तरी पत्रांतून पुढे सरकते, ‘नल’ नावाचं कुठलंसं गूढ मूलद्रव्य वगैरे. पत्रं इंग्रजीत आहेत. चाळली तरी कोड्यांचं फारसं अडत नाही.

माझी खरी कुरकुर लांबीबद्दल आहे. पहिला भाग दोन-तीन संध्याकाळींत आटोपतो. फोनवर, लोकलमध्ये किंवा झोपण्याआधी थोडा थोडा खेळायला हे माप बरोबर होतं. संगणकासमोर माणूस ठाण मांडून बसतो, आणि रंगात येईपर्यंत शेवट आलेला असतो. पुन्हा खेळताना उत्तरं बरीचशी आठवतात, त्यामुळे कारागिरी निवांत बघायची एवढाच हेतू उरतो. मला तो पुरला, सगळ्यांना पुरेल असं नाही. फोनवर आधीच विकत घेतला असेल तरी संगणकासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, हेही लक्षात ठेवा.

एक फायदा मात्र मी धरलाच नव्हता. फोनवर हा एकट्याचा खेळ. मॉनिटरवर शेजारी खुर्ची ओढून कुणीही बसतं. आमच्याकडे आई गेम या प्रकाराकडे ढुंकून बघत नाही. पण “अरे, त्या डाव्या पायाला काहीतरी खाच आहे बघ,” असं चहा पिता पिता तिनेच सांगितलं, आणि खाच होतीच.

पुढच्या भागांपैकी दुसऱ्यात एका खोलीऐवजी अनेक जागा आहेत, आवाका वाढतो. तिसरा, ‘ग्रे होम’ नावाच्या वास्तूतला, संगणकाला सगळ्यात शोभतो: लांब आहे, खोल्यांतून फिरता येतं, शेवटही एकापेक्षा जास्त. फक्त एकच भाग घ्यायचा असेल तर मी तिसरा सांगेन. पहिल्याशिवाय तो समजतो, गोष्टीचे धागे थोडे निसटतात इतकंच. चौथा, ‘ओल्ड सिन्स’, माळ्यावरच्या बाहुलीघरात घडतो. तो अजून घेतलेला नाही, पुढच्या सेलची वाट बघतोय.