कार्बोरेटरची जुनी बाईक आणि ई२० पेट्रोल : अकरा महिन्यांचा अनुभव
वारजे ते हडपसर आणि परत, रोज साधारण चाळीस किलोमीटर. गाडी २०१२ ची, १२५ सीसी. टाकी फुल्ल करून वहीत आकडा लिहायची सवय वडिलांची. तीच माझ्याकडे आली.

ॲव्हरेज ५६ होतं, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरायला लागल्यापासून ५३. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे एवढी घट होणारच. पण भाव तोच घेतात, याचा मला राग आहे. बायकोच्या नव्या, इंजेक्शनच्या बीएस६ स्कूटरला फारसा फरक नाही.

खरा त्रास निघाला हवेचा. वजनाने एक भाग पेट्रोल जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा साधा भाग, त्याला ते कळत नाही, इंधनाच्या मानाने हवा जास्त पडते. डिसेंबरात सकाळी चोक ओढून दोन मिनिटं थांबावं लागायचं, कात्रजच्या चढाला पिकअप मरायचा. मेकॅनिकने एक नंबर मोठा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) टाकला, स्क्रू जुळवला, तेव्हा गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली.

पीयूसीच्या पावत्या मात्र बघण्यासारख्या आहेत. कार्बन मोनॉक्साइड आधी १.४ टक्के, ई२० नंतर ०.७, जेट बदलल्यावर १.०. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून ज्वलन पूर्ण होतं. हे चांगलंच आहे. पण इथेनॉलमुळे वाढणारं ॲसिटाल्डिहाइड आणि काही गाड्यांत वाढू शकणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, हे त्रासदायक वायू पीयूसीत मोजतच नाहीत. रोज सिग्नलला त्याच धुरात उभं राहणाऱ्या माणसाला तेही कळायला हवं.

जूनमध्ये तीन आठवडे गावी होतो, गाडी पार्किंगमध्ये उभी. परत आलो तर चालूच होईना. कार्बोरेटरचा बोल, म्हणजे खाली पेट्रोल साठणारी वाटी, उघडला तर तळाला पाणी. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली बसतात. बोलचा रबरी वॉशर फुगून खाचेत बसेना, पेट्रोलचा पाइप कडक झालेला. साडेअकराशे रुपये गेले. रोज चालवताना यातलं काही जाणवलं नव्हतं, उभी राहिली तेव्हाच बिघडली.

आता चार दिवसांपेक्षा जास्त थांबणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे बोल रिकामा होतो. नवा पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घेतलाय. दिवाळीच्या सर्व्हिसिंगला तो वॉशर पुन्हा काढून बघणार आहे.