एक्स-कल्चर, हल्ट प्राइझ की बिझनेस सिम्युलेशन, कशात उतरायचं?

कॉलेजच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय बिझनेस स्पर्धांपैकी एखादी निवडायची असेल तर आधीच सांगतो, बक्षिसाची रक्कम बघून निवडू नका, मी तेच केलं होतं आणि अख्खं सेमिस्टर मला न जमणाऱ्या कामात घातलं. बघायच्या गोष्टी दोनच, टीम कोण ठरवतं आणि शेवटी सबमिट काय करायचं असतं.

एक्स-कल्चर घ्या. अमेरिकेत ग्रीन्सबोरोच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले प्राध्यापक वास तारास यांनी 2010 मध्ये सुरू केलेला हा प्रोजेक्ट. इथे टीम तुम्ही निवडतच नाही, वेगवेगळ्या देशांतली मुलं तुमच्या गळ्यात पडतात आणि साधारण दोन महिने त्यांच्यासोबत एका खऱ्या कंपनीचा प्रश्न सोडवायचा, म्हणजे कुठल्या नव्या देशात माल विकावा, तिथे स्वतः जावं की डिस्ट्रिब्युटर धरावा, किंमत काय ठेवावी वगैरे. ऐकायला मस्त वाटतं पण खरा त्रास मार्केट रिसर्चचा नाहीच, एकजण झोपायला जातो तेव्हा दुसरा उठतो, तिसरा मेसेज वाचून गप्प, आणि चौथा डेडलाइनच्या आदल्या रात्री उगवून सगळं बदलू म्हणतो! पण टीममधलेच एकमेकांना मार्क देतात, त्यामुळे फुकटच्या श्रेयावर बसणाऱ्याला जरा तरी धाक राहतो. प्रवेश बहुतेक वेळा प्राध्यापकांमार्फत होतो, म्हणून आधी त्यांनाच विचारा. पुढे परदेशी क्लायंट किंवा रिमोट टीमसोबत काम करायचं असेल तर माझ्या मते यासारखी प्रॅक्टिस नाही.

हल्ट प्राइझ ही विद्यार्थ्यांची स्टार्टअप स्पर्धा, अगदी उलट. टीम तुमची, आयडिया तुमची, फक्त ती सामाजिक प्रश्न सोडवणारी आणि स्वतःच्या पायावर उभी राहणारी हवी. बक्षीस 10 लाख डॉलर, म्हणून सगळ्यांचे डोळे चमकतात, पण ते धंदा उभा करायचं भांडवल आहे, खिशात घालायचे पैसे नव्हेत, आणि जगभरातून मिळून विजेती टीम एकच. इथे रिपोर्ट कितीही भारी लिहिला तरी पिच, म्हणजे परीक्षकांसमोर आयडिया मांडणं, अडखळलं की संपलं. ज्याला ती आयडिया स्पर्धा हरल्यावरही करायचीच आहे त्यानेच जावं, बाकीच्यांनी उगाच सीव्हीवर एक ओळ वाढवायला जाऊ नये.

आता सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर काल्पनिक कंपनी चालवायचा खेळ. द बिझनेस स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रत्येक टीम बुटांची एक कंपनी चालवते, उत्तर अमेरिका, युरोप-आफ्रिका, आशिया-पॅसिफिक आणि लॅटिन अमेरिका या चार भागांत विकते, आणि दर राउंडला किंमत, दर्जा, जाहिरात, कारखान्याची क्षमता, कर्ज, सगळं ठरवायचं. मग निकाल लागतो आणि प्रति शेअर कमाई, शेअरचा भाव, क्रेडिट रेटिंग (कर्ज फेडायची पत) हे सगळं समोर. भाषणबाजीला वावच नाही, आकडे बोलतात. गंमत म्हणजे तुमचा निर्णय चांगला असूनही बाकी सगळ्यांनी तोच घेतला तर बाजारात माल पडून राहतो आणि तुम्ही बुडता, हे पुस्तक वाचून पटत नाही. बेस्ट-स्ट्रॅटेजी इन्व्हिटेशनल ही त्याची ऑनलाइन आंतरराष्ट्रीय स्पर्धा, पण नावाप्रमाणे निमंत्रणावर, म्हणजे आधी कोर्समध्ये हा गेम खेळून आपल्या गटात वर आलेल्यांना. तुमच्या कोर्समध्ये हा गेम नसेल तर हा पर्याय तिथेच संपला.

फायनान्सवाल्यांसाठी सीएफए इन्स्टिट्यूट या गुंतवणूक क्षेत्रातल्या जागतिक संस्थेचं रिसर्च चॅलेंज आहेच, शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या कंपनीचा अभ्यास करून शेअर घ्यावा, विकावा की ठेवावा ते सांगायचं आणि परीक्षकांसमोर त्याचा बचाव करायचा. व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत काढणं, येत नसेल तर वाटेला जाऊ नका.

मला आज कोणी विचारलं तर पहिल्यांदा भाग घेणाऱ्याला एक्स-कल्चर सांगेन, एक्सेलमध्ये रमणाऱ्याला सिम्युलेशन. आणि नाव नोंदवण्याआधी नियमांत एक गोष्ट शोधाच, फायनलही ऑनलाइन आहे का, कारण काही स्पर्धा पहिले राउंड स्क्रीनवर घेतात आणि शेवटाला प्रत्यक्ष बोलावतात, मग व्हिसा, तिकीट आणि परीक्षेच्या तारखा एकाच आठवड्यात अंगावर येतात.