बगझिला की गिटहब इश्यूज?

मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पासाठी दोष-नोंदणीची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवण्याची, व्यवस्था निवडताना आधी हे पाहावे, की दोष कळवणारे कोण आहेत आणि त्या नोंदींची छाननी कोण करणार आहे. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पाबरोबर पुढे आलेली, पर्ल भाषेतली बगझिला नवी नोंद घेतानाच उत्पादन, घटक, आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम विचारते. शिवाय एक दोष सुटल्याशिवाय दुसरा सुटणार नाही, हे अवलंबित्व त्यात थेट नोंदवता येते. जीसीसीसारख्या कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणणाऱ्या साधनाच्या) प्रकल्पात, जिथे नेमक्या कोणत्या आवृत्तीपासून बिघाड सुरू झाला हे कळणे अत्यावश्यक असते, तिथे ही शिस्त फार उपयोगी पडते. नवख्याला मात्र तो अर्ज पाहूनच धडकी भरते, आणि सर्व्हर, बॅकअप व स्पॅम यांचा भार स्वयंसेवकांवरच येतो.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या ‘इश्यूज’ या दोष-नोंदणीच्या सोयीत शीर्षक आणि मजकूर एवढ्यावर काम भागते. कमिटच्या (कोडमध्ये केलेल्या बदलाच्या नोंदीच्या) संदेशात इश्यूचा, म्हणजे त्या दोषाच्या नोंदीचा, क्रमांक ठरावीक शब्दासह लिहिला, की तो बदल कोडच्या मुख्य शाखेत येताच इश्यू आपोआप बंद होतो. एलएलव्हीएम हा कंपायलरचाच आणखी एक प्रकल्प २०२१ च्या अखेरीस बगझिला सोडून इथेच आला. वर्गीकरण मात्र बरेचसे लेबलांवर (नोंदींना हाताने लावायच्या खुणांवर) चालते, आणि लेबले लावायला माणूस नसेल तर ढीग साचतो. शिवाय ही सेवा मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे, हे मुक्तस्रोतवाल्यांना खटकणे स्वाभाविक आहे.

माझ्या मते छोट्या प्रकल्पाने गिटहबच घ्यावे. बगझिलाचा विचार सर्व्हर सांभाळणारा खात्रीचा माणूस असेल तरच करावा.