व्हॅक्सीन कॅरिअर: साधा घ्यावा की गोठणरोधक?

सार्वजनिक आरोग्याची मुख्य कामं तीन मानली जातात: लोकांच्या आरोग्याची मोजदाद, धोरण ठरवणं आणि ठरलेली सेवा शेवटच्या माणसाला नीट मिळते याची हमी. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९८८ साली केलेली ही मांडणी आजही वापरात आहे. लसीकरणात तिसऱ्या कामाचा मोठा भार शीतसाखळीच्या (लस थंड ठेवत पोचवण्याच्या व्यवस्थेच्या) शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे खांद्याला लटकणाऱ्या लसींच्या पेटीवर, व्हॅक्सीन कॅरिअरवर पडतो. म्हणून त्याची पारख जरा कडक करू.

साध्या कॅरिअरची रचना सोपी आहे. जाड इन्सुलेशनची पेटी, घट्ट बसणारं झाकण, आत चारही बाजूंना उभे बसणारे आइस पॅक, मधल्या पोकळीत लसी आणि वर फोमचा तुकडा. थंडी टिकवण्यात हा पक्का आहे, तिथे तक्रारीला जागा नाही. मात्र माहितीपत्रकावरचा ‘कोल्ड लाइफ’चा आकडा जपून वाचा. बाहेर सतत ४३ अंश सेल्सिअस तापमान ठेवून, कडक गोठलेले पॅक घालून, आतला सर्वांत उबदार भाग १० अंशांवर जाईपर्यंतचे ते तास असतात. प्रत्यक्षात पॅक थोडे वितळवून भरायचे असतात आणि सत्रात झाकण वारंवार उघडतं. त्यामुळे तेवढे तास हाती लागत नाहीत.

खरी अडचण उलट बाजूला आहे. डीप फ्रीजरमधून काढलेला पॅक उणे १५ ते उणे २५ अंशांवर असतो. तो तसाच भरला की त्याला टेकलेली कुपी शून्याखाली जाते. लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस-बी, पीसीव्ही, एचपीव्ही या लसींत ॲल्युमिनियमचं क्षार असतं. लस गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि मग वितळवूनही लस पूर्वीसारखी होत नाही. हिपॅटायटिस-बी तर उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठते. कुपीवरचं व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारं चिन्ह) इथे उपयोगाचं नाही, ते फक्त उष्णता नोंदवतं. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका, म्हणजे ‘ठीक’, दिसला तरी लस गोठून वाया गेलेली असू शकते. असा डोस टोचला की नोंदवहीत मूल ‘लसीकृत’ होतं. टक्केवारी छान दिसते आणि साथ आल्यावर कारण सापडत नाही. म्हणजे हमी तर जातेच, पहिल्या कामातली मोजदादही खोटी ठरते.

उपाय म्हणजे कंडिशनिंग, पॅक भरण्याआधी थोडे वितळू देणं. पॅक टेबलावर एका रांगेत, मध्ये फट ठेवून मांडायचे. हलवल्यावर आत बर्फ सुटून खळखळला की पॅक तयार. याला घड्याळ लावून चालत नाही. उन्हाळ्यात लवकर होतं, थंडीत तास-दीड तासही लागतो, आणि सकाळच्या घाईत नेमकी हीच पायरी गळते. सगळे पॅक हलवून पाहायचे, एकावर भागवायचं नाही. कंडिशनिंगनंतर बाहेरचं पाणी पुसायचं, नाहीतर लेबलं भिजून सुटतात. कुप्या आणि डायल्युएंट (भुकटी लसीत मिसळायचं द्रावण) प्लास्टिकच्या पिशवीत घालून मध्ये ठेवायचे. पॅक भरताना खुणेपर्यंतच पाणी घालावं, गोठताना ते फुगतं. पाण्यात मीठ घालू नये, त्याने तापमान शून्याच्याही खाली उतरतं.

गोठणरोधक कॅरिअर ही पायरीच काढून टाकतो. पॅक आणि लसी यांच्यामध्ये त्यात एक जादा थर असतो. तो पॅकची कडक थंडी आधी स्वतःवर घेतो आणि कुप्यांपर्यंत मवाळ करून पोचवतो. पॅक फ्रीजरमधून थेट भरता येतात. माणसाच्या सवयीवर भिस्त नाही, हा याचा सर्वांत मोठा गुण. तोटेही आहेत: हा वजनाला जड, आकाराने मोठा आणि साध्यापेक्षा महाग. पायी दूर जाणाऱ्या आरोग्यसेविकेला तो दिवसभर वागवणं जड जातं. शिवाय साध्या पेटीचे पॅक यात बसतीलच असं नाही, म्हणून खरेदीआधी पॅकचा आकार जुळवून पाहावा. पुन्हा भरण्याआधी आतला थर कोणत्या तापमानाला आलेला असावा याची सूचना निर्माता देतो, ती पाळावी. नाहीतर संरक्षण कमी होतं.

कुठलाही घेतलात तरी वापराची शिस्त तीच. सत्रात उघडलेली कुपी फोमच्या खाचेत. पेटी सावलीत. झाकणावर बसणं नको, कडा वाकली की गळती सुरू होते. एक पॅक कमी घालून काम चालवणं नको. परतल्यावर पेटी पुसून झाकण उघडं ठेवून वाळवावी आणि बिजागरी, कडी, तडे तपासावेत. गोठल्याचा संशय असेल तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवा आणि संशयित कुपीसोबत हलवून शेजारी ठेवा. संशयित कुपीतला साका तेवढ्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला तर ती बॅच बाजूला काढा. आयपीव्हीला (पोलिओच्या टोचायच्या लसीला) मात्र ही चाचणी लागू नाही, त्यात ॲल्युमिनियम नसतं.

निवड करायची तर थंड हवामानाची ठिकाणं, सकाळी एकाच माणसावर सगळी तयारी येणारी केंद्रं आणि नवे कर्मचारी यांच्यासाठी गोठणरोधक. जिथे कंडिशनिंगची सवय मुरलेली आहे आणि पायपीट लांबची आहे तिथे साधा चालेल, पण आत उणे ०.५ अंशांचा इशारा देणारा गोठणदर्शक ठेवूनच.