लांब उपास की लो कार्ब, मला काय झेपलं

दोन्ही करून बघितलं. आधी ३६ तासांचा उपास, नुसतं पाणी आणि काळा चहा, आपला साबुदाणा खिचडीवाला नाही हां, तो तर निव्वळ स्टार्च. रात्र निभावली पण सकाळी तलावपाळीला चालताना गरगरायला लागलं, बाकावर बसून मीठ घातलेलं पाणी प्यायलो तेव्हा कुठे बरं वाटलं. वजन दीड किलो उतरलं, त्यातलं बरंचसं पाणीच, जेवायला लागल्यावर परत आलं. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दोन्हीच्या नादी लागू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. लो कार्बमध्ये भात-भाकरी बंद, अंडी, पनीर, तळलेला बांगडा, पालेभाजी, भूक कमी लागते आणि दुपारी ऑफिसात डुलकी येत नाही, म्हणून मी हेच धरलंय, फक्त आई रोज विचारते, नुसत्या भाजीने पोट भरतं का रे?