चार किलोची १०० एएच बॅटरी

आधीच सांगतो, मी काय येडा नाही. डिप्लोमा झालाय, बेळगावच्या उद्यमबागेत बावीस वर्षं मशीनवर काढली, घरचं वायरिंग स्वतः करतो. तरी नकली बॅटरीत २९,५०० रुपये गेले. लिहायला लाज वाटते, पण आमच्याकडं आता पोरं गाडीमागं लावायचे कॅम्पिंग ट्रेलर करून घेऊ लागलीत, त्यांनी तरी वाचावं.

आमचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर आहे, बोलेरोला लावून चोर्ला, आंबोली असं फिरतो. आत १२ व्होल्टचा फ्रीज, फॅन आणि दोन एलईडी पट्ट्या. जुनी लेड ॲसिड बसली म्हणून लिथियम घ्यायचं ठरलं, आणि हद्दीपलीकडं महाराष्ट्रात एका दुकानात १०० एएचची (म्हणजे अँपिअर-तास, १ अँपिअरवर १०० तास चालणारी) २४,५०० ला मिळाली. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "१८ टक्के जीएसटी लागंल की साहेब, ४,४१० उगंच कशाला घालवता?" मलाही पटलं. वहीच्या पानावर लिहून दिलं, मी यूपीआय केलं.

आता ऐका माझी अक्कल. त्यानं मल्टीमीटर लावला, १३.३ दाखवलं, "बघा, फुल हाय". मी मान डोलावली. अहो, असल्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज संपत येईपर्यंत फारसं हलतच नाही, आत माल किती आहे ते मीटर सांगणारच नाही, हे मला माहीत होतं! मग मी बॅटरी एका हातानं उचलली. मुलगी म्हणाली, "बाबा, किती हलकी आहे हो!" आणि मी शहाण्यासारखा, "लिथियम अशीच असते बाळा." खरी १०० एएच ११-१२ किलो भरते, हे मीच आदल्या रात्री वाचलेलं. समोरच किराणा दुकान होतं, काट्यावर ठेवायला दोन मिनिटं लागली असती. रस्ता ओलांडला नाही मी.

जांबोटीजवळ मित्राच्या शेतात मुक्काम होता. साडेआठला सगळं चालू केलं, क्लॅम्प मीटरवर ५ अँपिअर, म्हणजे वीस तास तरी जायला पाहिजे. सव्वा वाजता अंधार. मी टॉर्च तोंडात धरून फ्यूज बघतोय, पिन पुसतोय, अर्थचा नट घासतोय. अर्थला थोडा गंज होता खरा, त्यामुळं वाटलं चूक आपलीच. दुकानदारानं तेच धरलं. वायरिंग चेकिंगचे १,२०० घेतले, पुढच्या वेळी "बीएमएस गेलाय" (बॅटरीतलं तिला सांभाळणारं सर्किट) म्हणून ३,८००. बॅटरी स्वतः खोलून बघायची सोय नाही, वर "सील तोडल्यास वॉरंटी रद्द" स्टिकर. त्याच्या जिवावरच हे धंदे चालतात.

शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर टाकली, ४ किलो २००. मित्राकडं ग्राइंडरनं कापली. आत जुन्या ६ एएचच्या सोळा नळकांडी सेल, चार-चार जोडून, म्हणजे फार फार तर २४ एएच. बाकी थर्माकोल. आणि "नवीन" बीएमएसवर धूळ बसलेली.

मग तक्रार. आमच्या इथल्या ठाण्यात म्हणाले, "व्यवहार तिकडचा री, आमच्याकडं होत नाही", वर अर्ज कन्नडमधून लिहून आणा. तिकडं गेलो तर "तुम्ही कर्नाटकचे, तिकडंच द्या". ६५ किलोमीटर जायचं, ६५ यायचं, डिझेल वेगळंच. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती, म्हणून विचारलं तर साहेब माझ्याकडं असं बघायला लागले की मीच काहीतरी चोरलंय. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, पैसे तुम्ही दुकानात उभं राहून स्वतः पाठवले, ही सायबर फसवणूक नाही म्हणाले. हद्दीच्या नावानं आमच्याकडं आयुष्यभर भांडणं ऐकली, पण ही हद्द चोराला बरोबर उपयोगी पडते बघा!

ग्राहक आयोगात मात्र २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे मला दोन महिने कोणी सांगितलं नाही. वहीचं पान असलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, मी त्याच्यावरच दावा टाकलाय. बॅटरी घेताना दुकानातच वजन करा, आणि पाच अँपिअरचा लोड लावून दहा-बारा तास चालवून दाखव म्हणा, नाही म्हणाला की उठा. वायरिंगवर ढकलायला लागला तर बॅटरी सुटी काढून नुसत्या लोडवर किती तास चालते बघा, जोडायला दहा मिनिटं लागतात, मी दोन महिने केलं नाही.

आणि कापायचीच असेल तर आधी व्हिडिओ चालू करा. मी रागात केला नाही, आता दुकानदार म्हणतोय आतल्या सेल मीच बदलल्या.